सांगणारा जिथं घाई करतो

आषाढ लागला की पुण्याच्या पेठांतल्या मंडळांमध्ये एकच चर्चा सुरू होते. यंदा देखावा कुठला? हलता की सजीव? सजीव ठरला की विषयाला फार वेळ लागत नाही, कारण विषय ठरलेलेच असतात. अफजलखानाचा वध, पावनखिंड, आग्र्याहून सुटका, हिरकणी, खांबातून प्रकटणारा नरसिंह, द्रौपदीवस्त्रहरण. अलीकडं शेवटाला 'आजचा' एक तुकडा जोडायची पद्धत पडली आहे: मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेला मुलगा, हुंडा मागणारा सासरा आणि त्यांना दम भरणारा पडद्यामागचा धीरगंभीर आवाज. संवाद आधीच रेकॉर्ड केलेले, धुराचं मशीन, लाल-निळे दिवे. दहा-बारा मिनिटांत खेळ आटोपतो, टाळ्या पडतात, दोरी सुटते आणि पुढचा घोळका आत येतो. साधारण याच दिवसांत कॉलेजची पोरं भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका करत असतात. तिथली समज अधिक, तालमी अधिक, प्रकाशयोजना तर फारच अधिक. पण पुराणातला विषय घेतला की तिथंही कर्ण, अश्वत्थामा, ऊर्मिला ही मंडळी ठाण मांडून बसलेली.

जुन्या गोष्टीला हात लावावा की नाही, हा मला प्रश्नच वाटत नाही. नारदीय कीर्तनातले बुवा उत्तररंगात सुदाम्याचं आख्यान लावतात आणि पोह्यांच्या पुरचुंडीवरून सहज रेशनच्या दुकानात शिरतात. श्रोते हसतात, बुवा पुन्हा द्वारकेला निघतात. याच उत्तररंगात पुढं देशभक्तांची चरित्रं आली आणि त्याला राष्ट्रीय कीर्तन म्हणू लागले. तमाशाच्या गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण अडवतो, तेव्हा मावशी त्याला गावच्या पुढाऱ्यावरून टोमणे मारते. मराठी माणसानं पुराण ऐकलं ते असंच, चालू काळाची भेसळ करून. त्यामुळं 'आधुनिक रूपांतर' असं भारदस्त नाव देऊन आपण काही जगावेगळं करतोय, असा आव आणायचं कारण नाही.

वाद घालायचा तर निवडीवर घालावा. शेकडो कहाण्या, आख्यानं, दंतकथा, ओव्या पडून असताना आपण तीच दहा नावं का घेतो? आणि नवी घ्यायची तर काय पाहून घ्यावी? माझी कसोटी साधी आहे. सांगणारा जिथं घाई करतो, ती गोष्ट घ्यावी. कान देऊन बसलं की हे कळतं. राजाचं वैभव, लढाई, देवाचा साक्षात्कार यांना सांगणारा हवा तेवढा वेळ देतो. मग एखादी जागा येते, तिथं तो एका वाक्यात पुढं सरकतो. 'मग असं झालं' म्हणतो आणि आपणही मान डोलावतो. तिथंच अडवून 'पण असं का झालं?' म्हटलं तर एरवी लाडानं सांगणारी आजीसुद्धा 'गप ऐक' म्हणते. नव्यानं सांगणाऱ्याचं काम त्या 'गप ऐक'पासून सुरू होतं.

देखाव्यातलीच हिरकणी घ्या. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, कोजागिरीची संध्याकाळ, दरवाजे बंद झालेले, घरी तान्हं मूल. ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिला साडीचोळी दिली, त्या जागी बुरूज बांधला आणि त्याला तिचं नाव दिलं. दंतकथा आहे, तिच्या खरेखोटेपणात मला इथं शिरायचं नाही. देखाव्यात सगळा वेळ कड्याला जातो: प्लायवूडचा कडा, विजांचा कडकडाट, काट्यांचे ओरखडे. घाई होते ती त्याआधी आणि त्यानंतर. दरवाज्यावरच्या पहारेकऱ्याशी तिचं काय बोलणं झालं? नियम मोडता येत नाही म्हणणारा तो माणूस दुष्ट नव्हता, चोख नोकरी करत होता. आणि बुरूज बांधला म्हणजे काय केलं? ज्या जागेवरून एक आई उतरू शकली ती जागा गडाच्या बंदोबस्तातली फट होती. ती बुजवली. गौरव आणि बंदोबस्त एकाच चिऱ्यात बसले. पुढच्या कोजागिरीला आणखी कुणी वर अडकली तर तिनं काय करायचं? हे विचारल्यानं महाराजांचा मान उणावत नाही आणि हिरकणीचाही नाही. हिंजवडीच्या ऑफिसातून निघून पाळणाघराची वेळ गाठू पाहणाऱ्या बाईला हा प्रश्न लगेच ओळखू येईल. तिच्यासाठी वेगळा 'आजचा' तुकडा जोडायची गरज नाही.

चिऊ-काऊची गोष्ट तर आपण मूल बोबडं बोलत असताना सांगतो. काऊचं घर शेणाचं, पावसात वाहून गेलं. मेणाच्या घरातली चिऊ म्हणते, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. थांब, माझ्या बाळाला तीट लावते. कावळा भिजत उभा. अडीच वर्षांच्या पोराला आपण यातून नेमकं काय शिकवतो कोण जाणे! सांगणारा मात्र चिऊच्या बाजूनं इतका ठाम असतो की काही घरांत शेवटी कावळ्याला चटकाही बसतो आणि पोरं टाळ्या पिटतात. सोसायटीच्या फाटकाबाहेर पावसात थांबलेला डिलिव्हरीवाला आणि आतून 'जरा थांब' म्हणणारा इंटरकॉम यांच्याशी साम्य इतकं ठळक आहे की ते दाखवायचा मोह आवरायला हवा. कावळा कावळाच ठेवावा. त्याला हेल्मेट घातलं की बघणारा सुटतो. तो म्हणतो, आमच्या सोसायटीत असं चालत नाही.

उलट, ज्या गोष्टीतली घाई कुणीतरी आधीच थांबवली आहे, ती पुन्हा घेऊन हाती काय लागतं? कर्णाचं तसं झालं आहे. मराठीत गेली साठेक वर्षं कर्णाला न्याय देणं चालू आहे. आता त्याला इतका न्याय मिळालाय की त्याच्यापायी द्रौपदीवर अन्याय होऊ लागला आहे. 'मी सूतपुत्राला वरणार नाही' हे तिचं स्वयंवरातलं वाक्य पाहा. कर्णाच्या बहुतेक नाट्यरूपांत ते येतं आणि पुढचं सूडचक्र तिथूनच फिरायला लागतं. आपल्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धं शतक खपून, १,२५९ हस्तलिखितं पडताळून महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. तिच्या मुख्य पाठात हे वाक्य नाही, ते तळटीपेत गेलं. मयसभेत द्रौपदीनं दुर्योधनाला 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' म्हटल्याचं आपण शाळेपासून ऐकतो. तेही त्या पाठात नाही.

चिकित्सित पाठ तेवढा खरा आणि बाकीचं सगळं खोटं, असं माझं म्हणणं नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी जे वाक्य घातलं, त्यालाही अर्थ आहे. एवढ्या मोठ्या संहाराचं खापर कुणाला तरी एका बाईच्या जिभेवर फोडायचं होतं. ते कुणाला आणि कशासाठी, हा विषय नाटकाला पुरून उरेल. तो सोडून तेच वाक्य इतिहास म्हणून धरायचं आणि त्यावर एकांकिका उभारायची, ही आळशी निवड झाली.

या बाबतीत वस्तुपाठ पुण्यातच आहे. डेक्कन कॉलेजात संशोधन करणाऱ्या इरावतीबाई कर्वे यांचं 'युगान्त' १९६७ सालचं. द्रौपदीवरच्या लेखाच्या शेवटी त्या कल्पनेनं एक प्रसंग लिहितात, मरणाच्या दारात पडलेली द्रौपदी आणि भीम यांचा. पण त्याआधी वाचकाला बजावतात की इथवरचं विवेचन चिकित्सित आवृत्तीच्या आधारानं झालं, पुढचं माझ्या पदरचं. त्या एका सूचनेमुळं त्यांना लिहायची मोकळीक मिळाली आणि वाचकाला विश्वास ठेवायची. आज पॉडकास्टवर आणि रील्समध्ये छातीठोकपणे पुराणं सांगणाऱ्या मंडळींनी इरावतीबाईंची एवढी एक सवय उचलली तरी पुष्कळ होईल.

गोष्टीतलं माणूस खरोखर होऊन गेलेलं असेल तर ही सूचना सक्तीचीच करावी. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी दोषी धरलं ते राघोबादादांना. पुणेकरांच्या तोंडी काय राहिलं? 'काका मला वाचवा' आणि आनंदीबाईंनी केलेला 'ध'चा 'मा'. खाडाखोड केलेला तो कागद कुणी पुढं आणून दाखवलेला नाही, तरी अडीचशे वर्षं ती बाई हातात लेखणी घेऊन उभी आहे. सांगणाऱ्याची घाई इथं अगदी उघडी पडते. नवऱ्याच्या सत्तालोभावरून तो झटक्यात बायकोच्या दौतीपाशी येतो. शनिवारवाड्याची गोष्ट कुणाला नव्यानं करायची असेल तर रामशास्त्री निकाल देतात आणि शहर तो ऐकून न ऐकल्यासारखं करून बाईचं नाव घेतं, एवढंच करावं.

इतिहासातल्या नावाला हात लावला की काय होतं, ते पुण्यानं १९७२ साली 'घाशीराम कोतवाल'च्या वेळी पाहिलं. नाना फडणवीसांचं चित्रण खपलं नाही, विरोध झाला, ज्या संस्थेनं नाटक बसवलं तिनंच प्रयोग थांबवले आणि त्यातल्या मुलांनी थिएटर अकादमी काढून ते पुढं नेलं. विरोध करणाऱ्यांचं सगळंच चूक होतं असं मला वाटत नाही. हे ऐतिहासिक नाटक नाही असं लेखकानं कितीही सांगितलं तरी खऱ्या माणसाचं नाव घेतल्यावर त्याच्या चारित्र्याची जबाबदारी झटकता येत नाही. पण तो हिशेब नाटक बघून, त्याच्यावर लिहून, जमल्यास दुसरं नाटक करून चुकता करायचा असतो. पडदा पाडून तो चुकत नाही.

भावना दुखावण्याचा मुद्दा पुन्हापुन्हा निघतो म्हणून एवढं. मला त्याहून अवघड वाटतो तो मालकीचा प्रश्न, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही. जेजुरी पुण्यापासून ५० किलोमीटरवर. खंडोबा आणि बाणाईची कथा नव्यानं सांगायला मोठी मोहक आहे. देव म्हाळसेचा संसार टाकून धनगराच्या वाड्यावर चाकर म्हणून राहतो, मेंढरं राखतो, बाणाईला घेऊन गडावर येतो. मग दोघी सवतींचं भांडण, एकमेकींची जात आणि स्वयंपाक काढून. रात्रीच्या जागरणात वाघ्या-मुरळी हे भांडण रंगवतात तेव्हा अंगणातल्या बायका पदर तोंडाला लावून हसतात. आंतरजातीय प्रेम, दुसरी बायको, देवाचा पळपुटेपणा: आजच्या लेखकाला तयार ऐवज.

इथं घाई मात्र गोष्टीच्या आत नाही, गाणारीपाशी आहे. देवाच्या दोन बायकांचं भांडण गाणारी मुरळी परंपरेनं स्वतःच देवाला वाहिलेली. ती कथेत येत नाही, कथेच्या कडेला उभी राहून दिमडीच्या तालावर नाचते. बाणाईचं प्रेम घ्यायचं आणि मुरळीला गाळायचं, हे फार सोयीचं आहे. दुसरी गोष्ट रोकड्या व्यवहाराची. जागरण पार्टीकडून रात्रभर गाणी रेकॉर्ड करून आणायची, त्यातल्या चाली आणि कोट्या वापरायच्या आणि श्रेयनामावलीत 'विशेष आभार' म्हणून एक ओळ द्यायची, ही रीत आता पुरे झाली. त्यांचं नाव लेखन-संगीताच्या ओळीत यावं आणि मानधनात वाटा असावा. हे ज्यांना परवडत नाही त्यांनी दुसरी गोष्ट शोधावी.

ओव्यांचं तर आणखीच वेगळं. गी पॉइत्वँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून, गावोगावच्या बायकांपर्यंत पोचून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमा करवल्या. त्यांत मुळशी आणि मावळ तालुक्यांतल्या बायकांच्या ओव्यांचा मोठा वाटा आहे. आता ही सर्वत्र म्हटली जाणारी ओवी पाहा:

राम म्हणू राम, न्हाई सीतेच्या तोलाचा
हिरकणी सीतामाई, राम हलक्या दिलाचा

सीतात्यागाशी आलं की पुराणिक चटकन लव-कुशांकडं वळतो. बायकांनी दळता दळता तिथंच मुक्काम ठोकला आणि निकालही देऊन टाकला. आपण 'स्त्रीच्या नजरेतून रामायण' असं काही लिहायला बसतो तेव्हा आपल्याआधी कुणी तरी पहाटे चारला उठून ते काम उरकलेलं असतं. निवड करणाऱ्यानं ग्रंथालयात जायच्या आधी, किंवा निदान नंतर तरी, हे ऐकावं.

आता मी निवडीन ती गोष्ट. श्रावणातल्या कहाण्यांचं ते पातळ पुस्तक, जे अप्पा बळवंत चौकात अजून मिळतं आणि बहुतेक घरांत देव्हाऱ्याच्या फळीवर पंचांगाखाली असतं, त्यातली शीतळासप्तमीची कहाणी. व्रतकथा म्हणून आपण ती वाचतो, म्हणजे खरं तर डोळ्यांखालून घालतो. आटपाट नगर होतं. तिथल्या राजानं गाव वसवला, तळं बांधलं, तळ्याला पाणी लागेना. जलदेवतांची प्रार्थना केली. त्या म्हणाल्या, सुनेचा वडील मुलगा बळी दे, पाणी लागेल. राजा दुःखी झाला. पुष्कळ लोकांच्या प्राणांपुढं एका नातवाचा प्राण मोठा नाही, असा त्यानं विचार केला; पण सून कबूल कशी होणार? मग त्यानं तोड काढली. सुनेला माहेरी पाठवलं, मुलाला ठेवून घेतलं. चांगला दिवस पाहून मुलाला न्हाऊमाखू घातलं, जेवू घातलं, दागिने घातले, पलंगावर निजवलं आणि पलंग तळ्यात नेऊन ठेवला. तळं भरलं.

मोजक्या वाक्यांत हे सगळं उरकतं. वाचून पाहा, घशाशी काही अडकत नाही, इतकी ती भाषा गुळगुळीत आहे. अशी घाई मी दुसऱ्या कुठल्या कहाणीत पाहिलेली नाही.

पुढं काही काळानं सून भावाबरोबर सासरी यायला निघते. वाटेत मामंजींनी बांधलेलं तळं लागतं, पाण्यानं भरलेलं. त्या दिवशी नेमकी श्रावण शुद्ध सप्तमी. तिला वशाची आठवण होते. काकडीच्या पानावर दहीभात ठेवून ती भावाला वाण देते, पाण्यात उभी राहते आणि वशात सांगितलेली प्रार्थना म्हणते: आमच्या वंशी कोणी पाण्यात बुडाला असेल तर तो आम्हांला परत मिळावा. पाण्यातून तिचा मुलगाच तिचा पाय ओढू लागतो. ती त्याला उचलून घेते.

तिला माहीत होतं का? कहाणी यावर एक अक्षर बोलत नाही. माहेरी कुणी निरोप पाठवला होता? मूल मागं ठेवून घेतलं तेव्हा तिला काही शंका आली असेल? की ती अगदी निष्पापपणे, दर सप्तमीला म्हणतात ते शब्द म्हणत होती? भरलेलं तळं बघून तिच्या मनात काय आलं? लेखकाला आयुष्यात एकदा मिळावी अशी ही जागा आहे, आणि ती देव्हाऱ्याच्या फळीवर पडून आहे.

ही गोष्ट पुण्यात का सांगायची, ते पुण्याच्या नळाला विचारावं. आपलं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून येतं. त्या पाण्याखाली शेतं आहेत, गावठाणं आहेत, देवळं आहेत. पुणेकराला पाण्याची एकच गोष्ट पाठ असते, १२ जुलै १९६१ ची: पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठा बुडाल्या, कुणाच्या भिंतीवर पाण्याची खूण कुठवर आली. ती आपल्या दुःखाची गोष्ट आहे आणि ती सांगायलाच हवी. पण धरण फुटलं तेव्हाची गोष्ट आपण तीन पिढ्या सांगतो, आणि धरण भरलं तेव्हाची कुणी सांगत नाही. पलीकडं मुळशीत १९२१ साली 'जान किंवा जमीन' म्हणत मावळे सत्याग्रहाला बसले, तिथंच पांडुरंग महादेव बापट हे सेनापती झाले. धरण झालंच आणि त्याची वीज मुंबईला गेली. पवनेचं पाणी बंद नळानं पिंपरी-चिंचवडला न्यायच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती महामार्गावर उतरले. गोळीबार झाला, तिघं मेले. तेव्हाही श्रावणच होता.

इथं कुणी म्हणेल, मग काय, धरणं नकोत? तहानेनं मरायचं? नेमकं इथंच ही कहाणी आपल्या घोषणांहून शहाणी निघते. राजाला ती खलनायक करत नाही. त्याचं गणित चुकीचं आहे असंही म्हणत नाही. पुष्कळांचे प्राण आणि एकाचा प्राण, हा हिशेब कुठल्याही प्रकल्प अहवालात याहून प्रामाणिकपणे मांडलेला सापडणार नाही, शिवाय हा राजा स्वतःच्या नातवाचा बळी देतो, दुसऱ्याच्या नाही. त्याचं चुकलं ते सुनेला माहेरी पाठवण्यात. जिचं जाणार तिला न विचारता, ती नसतानाची वेळ साधून त्यानं काम उरकलं. संमती मागितली असती तर ती मिळाली नसती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यानं मागितलीच नाही. पुनर्वसनाच्या, भूसंपादनाच्या, झोपडपट्टी हलवण्याच्या किती फायलींत ही 'तोड' काढलेली असते, हे त्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेल्यांनी सांगावं.

म्हणून माझा आग्रह असा की ही गोष्ट आहे तशी, आटपाट नगरात घडावी. राजाच्या डोक्यावर पांढरी टोपी किंवा इंजिनिअरचं हेल्मेट नको, पाठीमागच्या पडद्यावर खडकवासल्याची भिंत नको. तळं, पलंग, काकडीचं पान, दहीभात पुरे. पुण्यात बसून हे बघणाऱ्या माणसाला आपलं पाणी कुठून येतं ते माहीत असतं. नसलं तर शेजारी मुळशीहून शिकायला आलेलं पोरगं बसलेलं असतं.

शेवट बदलावा का, यावर मात्र भांडण होऊ शकतं. तरुण दिग्दर्शक म्हणेल, मूल परत येतं हा खोटा दिलासा आहे, कापून टाका. बुडालेली गावं काही वर आलेली नाहीत. त्याचं म्हणणं मला समजतं, पटत नाही. मूल राजाला परत मिळालं असतं, किंवा देवीनं आपणहून दिलं असतं, तर तो दिलासा खोटा ठरला असता. इथं सगळं गाव त्या तळ्याचं पाणी पीत असणार, आणि पाण्यात उतरून 'आमचं कुणी बुडालं असेल तर परत द्या' असं म्हणणारी एकटी तीच निघते. तेही सासरच्या कुणाबरोबर नाही, भावाबरोबर. मूल त्या पाण्यात इतके दिवस होतंच. मागायला कुणी आलं नव्हतं. हा शेवट कापला तर राजाचं गणित बरोबर ठरतं: एक गेलं, पुष्कळ जगले, हिशेब मिटला.

मला खटकतो तो त्यापुढचा तुकडा, आणि तोच मी ताणून मोठा करीन. सून मुलाला कडेवर घेऊन घरी येते. राजाला नवल वाटतं, तो तिच्या पाया पडतो आणि विचारतो, अगं मुली, तुझा मुलगा आम्ही बळी दिला होता, तो परत कसा आला? म्हणजे तिला हे पहिल्यांदा सांगितलं जातं ते मूल परत आल्यावर, आणि तेही जाता जाता, प्रश्नाच्या पोटात. ती वशाचं माहात्म्य सांगते. तिनं उलट काय विचारलं ते छापलेलं नाही. त्या 'आम्ही'त कोण कोण होतं, हेही नाही. पलंग उचलायला चारजण लागले असतील. मुलाला न्हाऊ घालणारी कुणी असेल, दागिने काढून देणारी कुणी, दिवस चांगला आहे म्हणून सांगणारा कुणी, आणि माहेरी निरोप जाऊ नये याची काळजी घेणारे तर बरेच असतील. देखावा बसवताना मंडळापुढं नेहमीची अडचण असते की कामं पाच आणि हौशी पोरं पंचवीस. या कहाणीत सगळ्यांना भूमिका मिळतील.